साळूबाईनं बघितलेली प्राण्यांची बाग

साळूबाईच्या नवऱ्यानं तिला उभ्या आयुष्यात एकदाच फिरायला नेलं, तेही पोराचं लग्न जमायला लागल्यावर. त्याआधी ती कुठं गेली नव्हती असं नाही. दिवाळी झाली की जतच्या पूर्वेकडच्या माळावरनं मेंढरं घेऊन निघायचं, चारापाणी बघत कृष्णाकाठ गाठायचा, उसाच्या मुलखात लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि पावसाच्या तोंडावर परत माळावर यायचं, हे तिनं लग्न झाल्यापासून दर वर्षी केलं होतं. घोड्यावर संसार, कडेवर पोर आणि पुढं मेंढरं. पण त्याला कुणी फिरणं म्हणत नाही. फिरणं म्हणजे रिकाम्या हातानं जाणं, आणि रिकाम्या हातानं साळूबाई कधी शेजारच्या वस्तीवरही गेली नव्हती.

मेंढरं तिची स्वतःची होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लग्नात तिच्या बापानं तिला दोन माडग्याळी मेंढ्या आंदण दिल्या होत्या. पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके, उंच पाय, पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक. बापानं चार माणसांत त्यांच्या पाठीवर भंडारा टाकून सांगितलं की ह्या साळीच्या, आणि ह्यांच्या पोटी जे येईल तेही साळीचंच. त्यांच्यात आंदणाच्या मेंढीला बाईला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, असा रिवाज होता. सासऱ्यानं तो मरेपर्यंत पाळला. ओळखू यावीत म्हणून साळूबाईच्या मेंढरांच्या डाव्या कानाला खाच असायची.

गुंडा, म्हणजे तिचा नवरा, वाईट माणूस नव्हता. दारूला शिवला नाही, बायकोवर हात उगारला नाही. पण एका साली रोग आला आणि त्याची मेंढरं पटापट गेली, तिची मात्र तगली. बघता बघता अशी गत झाली की कळपात कानाला खाच नसलेलं मेंढरू शोधावं लागायचं. गुंडा चार लोकांत हसत म्हणायचा, की आपण काय बाबा, बायकोचे गडी. लोक हसायचे. साळूबाई हसायची नाही, कारण ती थट्टा तिला जशी ऐकू यायची तशी लोकांना येत नव्हती.

कळपात सगळ्यात म्हातारी मेंढी म्हणजे कबरी. बापानं दिलेल्या मेंढीच्याच वंशातली. साळूबाईनं जीभ टाळूला लावून चुचकारलं आणि नाव घेतलं, की कबरी असेल तिथनं ओरडून ओ द्यायची. मागं साळूबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन मिरजेला झालं, तेव्हा तिनं दवाखान्यातनं गुंडाला फोन लावायला लावला आणि तो कबरीच्या कानाला धरायला सांगितलं. इकडनं हाक गेली, तिकडनं ओ आली. वॉर्डातल्या बाया पोट धरधरून हसल्या. नर्सबाईनं परत एकदा ऐकवायला लावलं. डोळ्याला पट्टी बांधलेली साळूबाई तेवढ्यावर बरी झाली म्हणायला हरकत नाही.

आता पोरगा. रविराज एकुलता एक. आयटीआय करून कुपवाडच्या एमआयडीसीत लागला होता. सुट्टीला वस्तीवर आला की आधी अंघोळ, जाताना परत अंघोळ, वर शर्टाला सेंट. मेंढरांचा वास अंगाला चिकटतो म्हणायचा. चिकटतोच. त्याच वासावर त्याचं शिक्षण झालं होतं, पण साळूबाई हे कधी बोलून दाखवत नव्हती. त्याला मिरजेकडची माया नावाची मुलगी सांगून आली. मुलीकडचे लोक घर बघायला येणार होते, आणि मध्यस्थानं कानात सांगून ठेवलं की पोरगी शिकलेली आहे, दारात मेंढरं बघून नाक मुरडेल. साळूबाईनं ते ऐकलं आणि म्हणाली, मुरडू दे, आपोआप सरळ होतंय. तिच्या लेखी विषय तिथं संपला. बापलेकांच्या लेखी संपला नव्हता. त्यांनी तो फक्त तिच्यासमोर बोलायचा बंद केला.

आणि मग एका संध्याकाळी रविराजनं सांगितलं, की सांगलीजवळ प्राण्यांची मोठी बाग झालीय, तुम्ही दोघं आजवर कुठं गेला नाहीत, उद्या जाऊन या. मेंढरं कोण बघणार, असं साळूबाईनं विचारलं. तो म्हणाला, मी बघतो.

साळूबाईला प्राण्यांच्या बागेचं काडीचं कौतुक नव्हतं. जन्मभर जनावरांतच काढलेल्या बाईला पैसे देऊन जनावरं बघायची हौस कुठनं असणार? पण पोरगा मेंढरं राखतो म्हणाला, ह्यानं तिला इतका आनंद झाला की ती ताट बाजूला सारून त्याच्याजवळ येऊन बसली. ज्यानं कधी हातात काठी धरली नाही, तो आपणहून म्हणतोय. मग तिनं त्याला एकेक मेंढरू समजावून सांगितलं. कुठली मेंढी स्वतःच्या कोकराला पाजत नाही, कुठली नजर चुकवून दुसऱ्याच्या रानात शिरते, कबरीचा पुढचा पाय दुखतोय तेव्हा तिला दामटायची नाही. रविराज मोबाइलमधनं डोळे न काढता व्हय व्हय म्हणत राहिला. ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

सकाळी इरकली लुगडं नेसून ती आधी शेजारच्या मनुबाईकडं गेली. आज रविराज मेंढरं घेऊन माळावर जाणार, हे मनुबाईला सांगितल्याशिवाय तिचा पाय वस्तीवरनं निघणार नव्हता. मनुबाई शेणी थापत होती. एरवी एका शब्दाला दहा शब्द देणारी बाई, पण त्या दिवशी मान वर न करता एवढंच म्हणाली, की जाऊन ये जा. परत येताना साळूबाईला दिसलं की खंड्या, त्यांचं कुत्रं, दाराच्या खांबाला साखळीनं बांधलंय. कुत्र्याशिवाय माळावर कसा जाणार, असं तिनं विचारलं. रविराज म्हणाला, की ते मला वळखत न्हाई, उगाच अंगावर येतंय. खंड्यानं त्याला ओळखावं तरी कसं, वर्षातनं चार दिवस येणार. साळूबाईला पटलं. आनंदात माणसाला काहीही पटतं.

एसटी मिरजेच्या वाटेला लागली आणि तिच्या आयुष्याचा सगळा रस्ता खिडकीतनं उलटा पळायला लागला. त्या विहिरीवर मेंढरं पाजली होती. त्या बाभळीखाली रविराज तापानं फणफणला होता आणि ती त्याला पोटाशी धरून रात्रभर बसली होती. त्या मळेवाल्यानं मेंढरं बसवून घेतली आणि धान्य द्यायची वेळ आल्यावर कुत्रं सोडलं. ती बोट दाखवून सांगत होती आणि गुंडा ज्या बाजूला बोट नव्हतं त्या बाजूला बघत होता. तिला वाटलं, ह्याला गाडी लागली असेल.

बागेच्या दारात एक फोटोवाला होता. रंगवलेला लाकडी सिंह मांडून त्याच्यापुढं लोकांना उभं करायचा आणि लगेच हातात फोटो काढून द्यायचा. गुंडानं आपणहून बायकोला सिंहापुढं उभं केलं आणि शेजारी उभा राहिला. फोटोवाला सगळ्यांना हसायला सांगायचा. साळूबाईला सांगावं लागलं नाही. ती अशी हसली की मागच्या सिंहाकडं कुणी बघितलंच नसतं. नवरा शेजारी उभा, पोरगा तिकडं मेंढरांमागं. तिला आणखी काही मागायचं उरलं नव्हतं.

मग बाग बघितली. मगर उन्हात पडली होती, ती जिती आहे का मेलेली ह्यावर दोघांचा वाद झाला. काळवीटं बघून ती म्हणाली, की ही अशी कोंडून घातल्यावर ह्यांच्या खुरांची वाट लागणार. नळावर पाणी प्यायला थांबलेल्या एका अनोळखी बाईला तिनं काही कारण नसताना सांगितलं, की आज आमचा पोरगा मेंढरं राखायला गेलाय. तिकीट बघणाऱ्यालाही सांगितलं. गुंडा तिला दर वेळी दंडाला धरून पुढं नेत होता. जन्मभर तिच्या चार पावलं पुढं चालणारा माणूस त्या दिवशी बरोबरीनं चालत होता. तिला कुल्फी घेऊन दिली. तिचं पाणी संपलं तर भरून आणलं. लग्नातल्यासारखं वागणं होतं सगळं, आणि लग्नातसुद्धा तो असा वागला नव्हता.

लांडग्याच्या पिंजऱ्यापाशी साळूबाईचा हात आपोआप दगडाकडं गेला. गुंडा हसला. जाळीच्या कडेकडेनं लांडगा फेऱ्या मारत होता, इकडनं तिकडं आणि तिकडनं इकडं. एकदा तिच्या डोळ्यांदेखत असल्याच एकानं कोकरू उचललं होतं, ती मागं धावली होती, खंड्याची आई धावली होती. लांडगा कोकरू घेऊन गेला, पण खंड्याच्या आईनं त्याच्या मांडीचा लचका काढला होता. ती ते सांगत बसली. गुंडाला हे सगळं ठाऊक होतं, तरी त्यानं पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकून घेतलं.

दुपारी लिंबाखाली बसून दोघांनी भाकरी खाल्ली. खाऊन झाल्यावर गुंडानं पटका उशाला घेतला आणि डोळे मिटले. आणि तिथं साळूबाईच्या डोक्यात काहीतरी खटकलं. मेंढरं दुसऱ्याच्या हाती असताना हा माणूस कधी पाठ टेकत नाही. सख्ख्या भावाच्या लग्नात ह्यानं जेवणावरनं उठून दोनदा मेंढरांकडं फेरी मारली होती. आज मेंढरं पोराच्या हाती आहेत, ज्याला मेंढीची कास आणि कोकराची शेपटी ह्यातलं अंतर कळत नाही, आणि हा घोरतोय. मग तिला साखळी आठवली. आणि मनुबाईची खाली घातलेली मान.

तिनं त्याला हलवून जागं केलं आणि रविराजला फोन लावायला सांगितला. गुंडा म्हणाला, की इथं रेंज नाही. शेजारच्या लिंबाखाली एकजण फोनवर मोठमोठ्यानं बोलत होता. गुंडानं मुकाट्यानं फोन लावून दिला.

"मेंढरं कुठं हायत रं?" तिनं विचारलं.

माळावर आहेत, चरतायत, असं रविराजनं सांगितलं. कबरी कुठाय विचारल्यावर म्हणाला, की इथंच आहे, जवळ.

"मग फोन तिच्या कानाला धर."

 मग तो म्हणाला, की कबरी लांब गेली. साळूबाईनं त्याला फोन वर धरायला सांगितलं, जीभ टाळूला लावून चुचकारलं आणि कबरीला हाक मारली. येणारीजाणारी माणसं बघायला लागली. तिनं परत हाक मारली. मेंढरांच्या मधे उभ्या असलेल्या माणसाच्या फोनात असं गप्प नसतं. कुणी खोकतं, कुणी फुरफुरतं, कोकरू आईला हाक मारतं, आणि शंभर तोंडांनी गवत तुटल्याचा एक आवाज चालूच असतो, जो साळूबाईला झोपेतसुद्धा ऐकू यायचा. त्यातलं काही नव्हतं. दगडावर साखळी घासल्याचा आवाज येत होता आणि खंड्या गळा काढून रडत होता. खंड्या दारात बांधलेला होता, आणि रविराज त्याच्याजवळच उभा होता.

तिनं फोन गुंडाच्या हातात दिला. 

"कवा भरली?" तिनं विचारलं.

"आपली एसटी गेल्यावर व्यापाऱ्याचा टेंपो येणार हुता," गुंडा जमिनीकडं बघत म्हणाला.

"समदी?"

"समदी."

"कबरी बी?"

गुंडा उशाचा पटका उचलून डोक्याला गुंडाळायला लागला. म्हाताऱ्या, लंगड्या मेंढीला पाळायला कुणी नेत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही.

मग तो बोलायला लागला. आता चालवत नाही म्हणाला, गुडघे गेले. माळावर चारा राहिला नाही, उसाच्या मुलखातले लोक पहिल्यासारखे रानात बसू देत नाहीत. पोराचं लग्न मेंढरांपायी मोडलं तर जन्मभर तोच आपल्याला बोलेल. सगळं खरं होतं. ह्यातलं एकही खोटं नव्हतं, आणि म्हणूनच साळूबाईच्या अंगाची आग झाली. एवढं खरं ज्याच्याजवळ होतं त्यानं ते तिच्यासमोर का मांडलं नाही?

"तुला बघवलं नसतं," तो म्हणाला. "म्हणून हितं आणली."

"मला इचारायचं हुतं," ती म्हणाली. "माझ्या बापानं तुमाला न्हवती दिली, मला दिली हुती."

 विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, हे गुंडाला पक्कं ठाऊक होतं. आणि ती खरंच काय म्हणाली असती, हे आता तिलासुद्धा कधी कळणार नव्हतं. कदाचित चार दिवस रडून, भांडून ती हो म्हणाली असती. कबरीला आणि दोन-चार कोकरांना ठेवून बाकीच्यांना भंडारा लावून तिनं स्वतःच्या हातानं टेंपोत चढवलं असतं. तेवढा वकूब तिच्यात होता. बापलेकांना तो कधी दिसला नव्हता.

ती उठली आणि चालायला लागली. गुंडाला वाटलं दाराकडं निघाली. ती परत लांडग्याच्या पिंजऱ्यापाशी गेली. ह्या वेळी ती पुढं होती आणि तो मागं. लांडगा अजून तशाच फेऱ्या मारत होता. तिनं पदर कपाळावर ओढून घेतला आणि बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली. मग नवऱ्याकडं मान न वळवता म्हणाली,

"ह्यो बरा. ह्यो येतो तवा एकच नेतो. आन् आदी कुत्रं बांधून ठेवत न्हाई."

परतीच्या एसटीत तिनं खिडकीची जागा गुंडाला दिली. तिला बाहेरचं काही बघायचं नव्हतं.

वस्तीवर पोचल्या पोचल्या तिनं खंड्याची साखळी सोडली. तो धावत मेंढरं कोंडायच्या रिकाम्या वाडग्यात गेला, वास घेत सगळीकडनं फिरला, मग टेंपोच्या चाकोरीवर नाक टेकवून रस्त्यापर्यंत गेला आणि परत येऊन तिच्या पायाशी बसला. रविराज अंघोळ करून, शर्टाला सेंट मारून दारात उभा होता. आव्वा, चिडू नको, असं काहीतरी म्हणाला. तिनं त्याला जेवलास का एवढंच विचारलं, आणि चूल पेटवायला गेली. मनुबाई दोन दिवस तिकडं फिरकली नाही, तिसऱ्या दिवशी वाटीभर कालवण घेऊन आली. साळूबाईनं वाटी घेतली, धुऊन परत दिली, आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं फक्त पाण्याच्या टँकरपुरतं उरलं.

लग्न थाटात झालं. वाडग्याच्या जागेवर फरशी घातली, तिथं आता रविराजची मोटरसायकल असते. माया काही वाईट निघाली नाही. उलट, तिचा स्वतःचा आजाही मेंढरंच राखायचा, हे लग्नानंतर बोलता बोलता निघालं. तिनं नाक मुरडलं असतं का, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. त्या घरात बायकांना विचारायची पद्धतच नव्हती.

बागेच्या दारातल्या त्या फोटोला रविराजनं काचेची चौकट करून आणली आणि तो भिंतीला लावला. येणारेजाणारे बघतात, म्हातारा-म्हातारीचं कसं चाललंय बघा म्हणून कौतुक करतात. गुंडा तो विषय निघाला की तंबाखू मळत बाहेर जाऊन बसतो. साळूबाईनं फोटो भिंतीवरनं उतरवायला लावला नाही, की त्याच्याकडं कधी नीट बघितलंही नाही.

एका रविवारी रविराज जेवत होता, साळूबाई त्याला वाढत होती. माया चौकटीवरची धूळ पुसता पुसता थांबली.

"आत्या, ह्या फोटूत तुमी लय हसलाय," ती म्हणाली. "लग्न होऊन आल्यापास्नं तुमाला असं हसताना मी एकदा पण बघितलं न्हाई."

साळूबाईनं रविराजच्या ताटात भाकरी टाकली.

"तवा रविराज मेंढरं राखायला गेला हुता," ती म्हणाली.

मायाला काही कळलं नाही, तिनं चौकट पुसून परत खिळ्याला अडकवली. रविराज खाली मान घालून भाकरी कुस्करत राहिला. साळूबाईनं त्याला आणखी कालवण हवं का विचारलं.